चारांत तीन इंग्रज

जूनमध्ये मिलच्या आवारात टोळ्यांची नावं पुकारली, तेव्हा आम्ही ग्रीक अकराजण कोयते घेऊन ओळीत उभे होतो. सकाळी सातला उभे राहिलो. साडेअकराला आवार रिकामं झालं आणि आम्ही तसेच उभे. आमच्यातल्या एकाचंही नाव आलं नाही. शेवटी मिलचा शेतकी साहेब, प्रेंटिस त्याचं नाव, भिंतीवर एक कागद डकवून डबा खायला निघून गेला. यंदापासून तोडणीच्या प्रत्येक टोळीत चारांत तीन माणसं इंग्रज पाहिजेत, नाहीतर त्या टोळीने तोडलेला ऊस मिल घेणार नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

आता आम्ही कोण, हे आम्हालाही कधी नीट सांगता आलेलं नाही. मी कार्पाथोस बेटावर जन्मलो तेव्हा तिथे तुर्काचं राज्य होतं. मी बेट सोडलं आणि मागाहून इटलीवाले येऊन बसले. माझ्या एका कागदावर तुर्क लिहिलंय, दुसऱ्यावर इटालियन. ग्रीक असं कुणीच लिहिलं नाही. इथे क्वीन्सलँडला उतरलो तर इथल्या लोकांनी आम्हाला एकच नाव ठेवलं, तेलकट. गंमत म्हणजे ऑलिव्हचं तेल इथे औषधाच्या दुकानात मिळतं, इवल्याशा बाटलीत, कानात घालायला. तेवीस वर्षं मी यांचा ऊस तोडला, आणि यंदा मी यांना परका झालो.

मी परत आलो तो माझ्या धाकट्या बहिणीच्या मळ्यावर. सेवास्ती तिचं नाव. तिचा नवरा मिनास पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. मी त्याला कागदाचं सांगितलं.

"मग आपला ऊस कोण तोडणार?" मिनास म्हणाला.

"मिल टोळी पाठवेल म्हणे दाजी. पाळी आली की."

"पाळी शेवटची लावतील," आतून सेवास्ती म्हणाली. "बघच तू दादा."

सेवास्ती बोलली तसंच झालं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, शेजारच्या गोऱ्यांचे फड मोकळे झाले. आमचा वीस एकर तसाच उभा. मालकाने स्वतः एकट्याने तोडायला कागदाची ना नव्हती, म्हणून मिनास एकटाच फडात शिरला. एका माणसाने वीस एकर तोडणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. सप्टेंबरअखेर त्याला उंदरांचा ताप चढला. फडात उंदीर फार, ते मुततात त्या चिखलात आपण ओरखडलेल्या पायांनी उभे राहतो. मिनासचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चादर लागली तरी तो कण्हायचा. त्याची खाट आम्ही ओसरीवर काढली, म्हणजे त्याला निदान ऊस दिसेल.

मळा मिनासच्या नावावर होता, पण तो होता रिगोचा. रिगोपूला, माझी भाची, वीस वर्षांची, आमच्यापैकी या देशात जन्मलेली पहिली पोर. आमच्या ऑलिंबोस गावात आईचं सगळं थोरल्या मुलीला जातं, घर, जमीन, सोनं, आणि आजीचं नावसुद्धा. तिने ते हातात घेतलं की त्या दिवसापासून आई तिच्या हुकमात. सेवास्तीने लग्नातल्या हारातली सोन्याची नाणी एकेक करून विकली, त्यातून हा नदीकाठचा मळा घेतला, बारा वर्षं झाडांची खोडं उपसली. मग तो थोरलीचाच. त्यात बोलायचं काय होतं?

रिगोला बोलायचं होतं. ती गावातल्या कॅफेत आइस्क्रीम विकायची, तिथे तिला सगळे रीटा म्हणायचे, आणि तिला ब्रिस्बेनला जाऊन दुकानात नोकरी धरायची होती.

"मला नको तुझा मळा," ती आईला म्हणायची. "नंतर तूच म्हणशील, केस बांध, बूट घाल, डोक्यावर पाटी घे."

"आजीने घातले ते बूट."

"आजी डोंगरावर राहायची आई. इथे लोक हसतात."

"हसू देत. दात त्यांचे आहेत." असं म्हणून सेवास्ती आपल्या कामाला लागायची. माझी बहीण कुणाचं ऐकून घेत नाही. लहानपणी बापाचं ऐकलं नाही, पुढे नवऱ्याचं नाही. मी तिला कधी कुणापुढे मान तुकवताना पाहिलेली नाही, आणि मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी भर दुपारी नदीकडचा फड पेटला. रुळावरून मिलचं छोटं इंजिन गेलं त्याची ठिणगी पडली, का कुणी काडी टाकली, ते आजवर कळलेलं नाही. पाचट कडकड वाजत होतं. आम्ही ओल्या गोण्या घेऊन मधला पट्टा राखला म्हणून बाकीचा ऊस वाचला. दोन एकर मात्र काळा झाला. जळला म्हणजे राख नव्हे, पाला जळतो आणि कांडं उभं राहतं. पण ते आंबायला लागतं. चार दिवसांत, फार तर पाच, गाळलं नाही तर मिल तोंड फिरवते.

संध्याकाळी प्रेंटिस मोटारीतून आला. काळ्या फडाकडे बघून त्याने डोकं हलवलं.

"टोळी पुढच्या बुधवारी मिळेल," तो म्हणाला. "आधी नाही."

"बुधवारपर्यंत हा ऊस दारू होईल साहेब," मी म्हणालो. "आम्ही अकराजण रिकामे आहोत. उद्या सकाळी तोडतो."

"चारांत तीन. नियम मी केलेला नाही." मग जरा थांबून ओसरीवरच्या मिनासला आडनावाने म्हणाला, "आणि नोमिकोस, या मळ्याकडून यंदा आणखी एक ट्रॉलीही आली नाही, तर मिलच्या यादीतून मळा कमी होईल. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

माहीत होतं. यादीतून नाव गेलं की त्या जमिनीतला ऊस पुन्हा कधीच कुठली मिल घेत नाही. मग तिथे गवत वाढवा आणि गवत खा. ओसरीवर मिनासने भिंतीकडे तोंड केलं. मला इतका राग आला होता की हातातली ओली गोणी मी त्याच्या मोटारीमागे फेकली, आणि ती माझ्याच पायावर पडली.

बुधवारी सकाळी रिगो कॅफेला गेली नाही. निळा झगा, पांढरे मोजे, टोपी असा सगळा थाट करून ती मिलच्या कचेरीत गेली. आम्ही तिला पाठवलं नव्हतं. दोन तासांनी परत आली ती घामाघूम, आणि टोपी हातात चुरगळलेली.

"काय म्हणाला?" सेवास्तीने विचारलं.

"बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाला, रीटा, तू चांगली मुलगी आहेस, तू आपली आहेस, इथे जन्मलीस म्हणजे तू इंग्रजच. तुझे आईबाप बिचारे तसे नाहीत, त्यात तुझा काही दोष नाही." रिगोने टोपी आणखी चुरगळली. "बिचारे म्हणाला मामा. बाबांना बिचारे म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला."

ती टोपी सरळ करत बसली. मग एकदम म्हणाली, "इराक्लिसकाकाच्या मुली कुठे जन्मल्या?"

"नदीपलीकडे. मीच सुईण आणायला गेले होते," सेवास्ती म्हणाली.

"फोतिनी आणि मारुक्ला. दोन. आणि मी तिसरी." रिगोने आईकडे पाहिलं. "चौथी तू."

सेवास्तीला कळायला जरा वेळ लागला. मला तर तिच्यानंतर कळलं. कळलं तेव्हा मी हसायला लागलो, आणि खाटेवरून मिनास काय झालं, काय झालं असं विचारत राहिला.

"कोयता धरलायस का कधी?" सेवास्ती म्हणाली.

"तू शिकव. आणि आजीचे बूट काढ पेटीतून. कॅफेतले बूट त्या राखेत टिकायचे नाहीत."

ऑलिंबोसच्या बायकांचे ते बकऱ्याच्या कातड्याचे, गुडघ्यापर्यंतचे बूट. सेवास्तीने दोन जोड समुद्रापलीकडून आणले होते, एक तिचा, एक आमच्या आईचा. आईचा जोड लाकडासारखा कडक झाला होता. सेवास्तीने औषधाच्या दुकानातल्या तेलाची सगळी बाटली त्यावर ओतली आणि मांडीवर घेऊन चोळत बसली.

दुपारी इराक्लिस आला तो तावातावाने. ऊस तोडणाऱ्या आमच्या अकराजणांतला तो एक, आणि आमचा सगळ्यात जवळचा शेजारी.

"माझ्या मुली फडात उतरणार नाहीत," तो म्हणाला. "लोक आधीच म्हणतात, हे बायकांना बैलासारखं राबवतात. पंधरा वर्षं मी बायकोला शेतात पाऊल टाकू दिलं नाही, खिडक्यांना पडदे लावून घरात बसवलं, कशासाठी? यांच्यासारखं दिसावं म्हणून ना?"

"आणि दिसलास?" सेवास्तीने विचारलं.

त्याने टोपी काढून गुडघ्यावर आपटली.

"जूनमध्ये तुझं नाव पुकारलं का त्यांनी? तुझ्या पडद्यांची चौकशी केली कुणी?" ती बूट चोळतच होती. "ऑलिंबोसला तुझ्या आईने उभ्या कड्यावरचे गहू कापले इराक्लिस. वर पाटी, पोटात तू. तेव्हा तुझा बाप कॉफीच्या दुकानात बसून राजकारण करत होता. आमच्या बायका कधी लाजल्या नाहीत. लाजायला तुम्ही इथे येऊन शिकलात."

इराक्लिसने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. माझ्या बहिणीच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाला मी काय मदत करणार? संध्याकाळी तो दोन्ही मुलींना घेऊन आला आणि सोबत स्वतःचा सगळ्यात हलका कोयता.

गुरुवारी उजाडताच चौघी फडात उतरल्या. काळे रुमाल कपाळापर्यंत, सेवास्ती आणि रिगोच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट. सेवास्ती पुढे.

"डाव्या हाताने ऊस धर. पुढे ढकल. आता कमरेतून वाक, पाठीतून नाही. मारायचं मातीलगत. गोडी सगळी बुडात असते, वर तोडाल तर साखर जमिनीत सोडाल. मग शेंडा छाटायचा आणि आडवा टाकायचा. मोजू नका. मोजणारा लवकर थकतो."

आम्ही पुरुष बांधावर उभे होतो, हात रिकामे. आयुष्यभर ऊस तोडलेली अकरा माणसं, आणि मुलींचा कोयता चुकीचा पडताना बघत राहायचं. नऊ वाजेपर्यंत राखेने चौघींचे चेहरे एकसारखे काळे झाले. रसाने राख चिकटते, त्यावर माश्या बसतात, घाम डोळ्यांत जातो तो राखेसकट. फोतिनी पहिल्या तासात दोनदा रडली, पण हात थांबवला नाही तिने. कागदावर तोडणी होती, भरणी नव्हती, म्हणून तोडलेला ऊस ट्रॉल्यांवर चढवायला आम्ही घुसलो. बाकीच्या वेळात मी कोयत्यांना धार लावली आणि मसुरीची आमटी शिजवली. दाढीमिशीचे बाप्ये चूल फुंकत होते आणि बायका फडात होत्या. इराक्लिस कांदा चिरता चिरता पुटपुटत होता.

दहा वाजता रस्त्यावर पहिली मोटार थांबली. अकरापर्यंत सात झाल्या. टोप्या घातलेल्या बाया, पोरं, पेढीतला कारकून. तो कारकून रोज कॅफेत रिगोकडून आइस्क्रीम घ्यायचा आणि जास्तीचा पाऊण तास बसायचा. त्याने गमतीने फडाकडे हात हलवला. मग ती रिगोच आहे हे त्याला दिसलं असावं, कारण हात खाली आला आणि तो मोटारीचं चाक तपासायला लागला. रिगोने त्याच्याकडे पाहिलं, हातावर थुंकली आणि पुढचा ऊस धरला. मला त्या क्षणी तिची आजी दिसली, खरंच सांगतो.

प्रेंटिस जेवणाआधी आला. बांधावर उभा राहून त्याने बोट दाखवत मोजलं.

"हे काय आहे?"

"टोळी," रिगो म्हणाली. "फोतिनी, इथे जन्मलेली. मारुक्ला, इथे जन्मलेली. मी इथली, हे तुम्हीच काल सांगितलंत, खुर्चीवर बसवून. आणि ही परकी." तिने आईकडे बोट केलं. "चारांत तीन."

सेवास्तीला इंग्रजी येत नव्हतं, पण परकी एवढं कळलं. तिने रुमाल सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

"बायकांची टोळी नसते," प्रेंटिस म्हणाला.

"कागदावर कुठे लिहिलंय? दाखवा."

त्याने खरंच खिशातून कागद काढला. वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. मोटारीत बसून तो मिलला गेला, एक तासाने परत आला, तोवर आमच्या चार ट्रॉल्या भरून रुळावर उभ्या होत्या.

"मॅनेजरसाहेब म्हणतात, ठीक आहे," तो म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. "पण नियम तो नियम. फडात कोयता धरलेल्यांत कोणत्याही घडीला चारांत तीन. आणि बुडखा तीन बोटांपेक्षा उंच दिसला, तर त्या दिवसाच्या सगळ्या ट्रॉल्या परत. मी रोज येणार."

रोज आला. काठीवर तीन बोटांची खूण करून आला.

शुक्रवारी दुपारी मारुक्लाच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. कोयत्याची मूठ रक्ताने निसरडी झाली तेव्हा तिने तो खाली टाकला आणि सावलीत जाऊन बसली. प्रेंटिस बांधावरच होता.

"आता तिघी," तो म्हणाला. "दोन इंग्रज, एक परकी. हे बसत नाही. म्हातारीला बाहेर काढा."

रिगोने ते आईला सांगितलं. सेवास्ती सेहेचाळीस वर्षांची होती, म्हातारी नव्हती. तिने स्वतःच्या नाण्यांतून घेतलेल्या जमिनीवरून, स्वतःच्या हातांनी लावलेल्या उसातून बाहेर यायचं, कारण सावलीत एक मुलगी हात फुंकत बसलीय. ती बाहेर आली. बांधावर माझ्याशेजारी बसली. हात मांडीवर उताणे ठेवले होते. मला वाटलं उठून त्या माणसाला बुकलून काढावं, पण मग ऊस गेला असता.

मारुक्लाने ते पाहिलं. सतरा वर्षांची पोर. ती बापाकडे आली, म्हणाली, "बाबा, बांधा." इराक्लिसने आपला सदरा फाडला, तिचे दोन्ही हात बांधले, मूठ वळवून कोयता आत बसवला आणि त्यावरून पुन्हा गुंडाळलं. बांधताना तो रडत होता आणि ते लपवायच्या भानगडीतही पडला नाही.

"या मावशी," मारुक्ला सेवास्तीला म्हणाली. "आता चौघी झालो."

शनिवारी उरलेला फड निम्म्यावर आला. रविवारी आमच्यात कुणी कोयता धरत नाही. सेवास्तीने सकाळी दिव्यासमोर उभं राहून देवाला सांगितलं की पुढच्या दोन रविवारी ती दुप्पट वेळ उभी राहील, आणि बूट चढवले. तोडणीचा चौथा दिवस तो, आगीनंतरचा पाचवा. डोंगरावर सकाळपासून ढग गडगडत होते. पाऊस पडला असता तर जळका ऊस त्याच रात्री आंबला असता. मिनासने हट्टाने खाट सोडली आणि ओसरीवर खुर्चीत बसला, अंगाला घोंगडी, भर उकाड्यात. तिथून तो ओळी मोजत होता.

दुपारी तीनला शेवटच्या सहा ओळी राहिल्या. त्या दिवसाच्या नऊ ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. प्रेंटिस काठी घेऊन मागच्या ओळीत बुडखे तपासत पुढे येत होता, आणि वीस पावलांवर सेवास्ती. तिचं मला आधी दिसलं. चार दिवसांत तिची कंबर मोडली होती. ती वाकत होती, पण पुरती वाकत नव्हती, आणि कोयता वीतभर वर पडत होता. एक बुडखा उंच राहिला. दुसरा त्याहून उंच. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण चाळीस वर्षांत तिला असं काही सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

"आई."

रिगो शेजारच्या ओळीत सरळ उभी राहिली होती. तोंडावर राख, ओठ फुटलेले.

"आई, खाली वाक. माझ्या फडात उंच तोडायचं नाही."

फोतिनी थांबली. मारुक्लाही थांबली. इराक्लिसच्या खांद्यावर मोळी होती ती तशीच राहिली. सेवास्ती हळूहळू ताठ झाली आणि तिने मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही कोयता टाकते आणि तिच्या कानाखाली वाजवते. माझ्या फडात, असं रिगो आजवर कधी म्हणाली नव्हती, ते सेवास्तीनेही ऐकलं होतं. ती पोरीच्या पायातल्या बुटांकडे बघत राहिली. पलीकडे प्रेंटिसची काठी ठकठक करत जवळ येत होती.

सेवास्तीने रुमालाची गाठ आवळली. मागे वळली, दोन्ही गुडघे मातीत टेकले आणि ते दोन बुडखे जमिनीलगत छाटले.

"बरं," ती म्हणाली.

उभ्या जन्मात माझ्या बहिणीच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.